आत्या आधी आत जायची

ज्या बाईनं मला लहानाची मोठी केली तिनंच केसानं माझा गळा कापला, असं मी एकदा चारचौघींत बोलून गेले. आत्याबद्दल असं बोलायची आमच्याकडे रीत नाही, त्यातून गेलेल्या आत्याबद्दल तर नाहीच नाही. पण मी बोलले आणि ते मला मागं घ्यायचं नाही. तिला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, माझेही केस तिच्यासारखे पांढरे झाले, राग मात्र होता तिथंच आहे.

ही गोष्ट एकोणीसशे साठ सालानंतरची. मी पालघरला शाळेत मुलींना इतिहास शिकवत होते. आठवडाभर तिथं एका खोलीत राहायचं आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी. पकडून केळव्याला घरी यायचं. घर वाडीतच, चहूबाजूंनी नारळ, पोफळी आणि केळी. आई मी चालायला लागायच्या आत गेली. वडील अबोल, वाडीतच रमणारे. मला वाढवलं ते आत्यानं, म्हणजे वडलांच्या थोरल्या बहिणीनं. लग्नाला फार दिवस झाले नसतील तोच ती विधवा होऊन माहेरी परत आली होती, आणि आमच्या घराण्यात विधवेचं दुसरं लग्न लावत नसत. कपाळ मोकळं, अंगावर फिकट लुगडं, सणासमारंभात सगळ्यांच्या मागं. पण वाडीतले गडी वडलांना भीत नसत तेवढे तिला भ्यायचे. माझ्या शिक्षणासाठी ती वडलांशी भांडली, अगदी जेवण टाकून बसली. मी शिकले ती तिच्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की ही बाई कृतघ्न आहे.

एम.ए. झाल्यावर मी प्रबंधाच्या मागं लागले. विषय ऐकून आमचे मुख्याध्यापक म्हणाले, ‘इतिहासातल्या राण्या संपल्या वाटतं, बाई?’ मला राण्या नको होत्या. मला हव्या होत्या एकोणिसाव्या शतकात तुरुंगात गेलेल्या आपल्याकडच्या साध्या बायका. कोणी चोरीपायी गेलेली, कोणी नवऱ्याला विष घातलं म्हणून, आणि पुष्कळशा विधवा, जन्मलेलं मूल मारलं म्हणून. सुट्ट्यांमध्ये मी मुंबईला जायची, जुनी वर्तमानपत्रं आणि खटल्यांची बाडं उलटायची आणि नाकातोंडात धूळ घेऊन परत यायची.

माझे मार्गदर्शक वयस्कर होते, मोजकं बोलायचे. सुरुवातीची प्रकरणं वाचून त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, ‘बाई, यात न्यायाधीश बोलतो, डॉक्टर बोलतो, जेलर बोलतो. तुरुंगात गेलेली बाई कुठं बोलते? एका तरी बाईचं स्वतःचं बोलणं आणा. एक वाक्य असलं तरी चालेल. नाहीतर तुम्ही या बायकांना पुन्हा एकदा कोर्टात उभं करताय, बाकी काही नाही.’

मला झोंबलं, कारण खरं होतं. कागदांत ते वाक्य मिळण्यासारखं नव्हतं. तिथं सगळं ‘आरोपीने असे सांगितले की’ या साच्यातलं. पण काही बायका सुटून परत आल्या असतील, घरातल्या कोणाशी तरी बोलल्या असतील, आणि ते ऐकलेलं एखादं म्हातारं माणूस अजून जिवंत असेल, एवढी आशा होती. माझ्या डोळ्यांसमोर एक बाईही होती. जुन्या वर्तमानपत्रात तिची चार ओळींची बातमी मी वाचली होती: माहीम तालुक्यातल्या समुद्रकाठच्या गावची तरुण विधवा, मूल मारल्याबद्दल सक्तमजुरी, रवानगी ठाण्याच्या तुरुंगात. नाव नाही, गाव नाही. पण तेव्हा आमच्या तालुक्यालाच माहीम तालुका म्हणत. म्हणजे ही बाई आमच्याकडची होती. कोणाची तरी आजी नाहीतर चुलती असणार, आणि तिचं बोलणं ऐकलेलं कोणीतरी इथंच पाच-दहा कोसांत बसलेलं असणार. ते एक वाक्य मिळालं तर माझा प्रबंध उभा राहणार होता. नाही मिळालं तर माझ्या लेखी ते सगळं रद्दी होतं.

शनिवारी घरी आल्या आल्या मी आत्याला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘सफाळ्याच्या बाजूची असेल. तिकडं असं काय तरी झालं होतं म्हणून लहानपणी ऐकलं हाय.’

मी हरखून गेले. दुसऱ्या दिवशीच निघते म्हटलं.

‘एकटी नको जाऊस,’ ती म्हणाली. ‘बिनलग्नाची पोर दारोदार हिंडून तुरुंगाच्या गोष्टी विचारते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? मी येते संगती.’

आणि ती आली. त्या रविवारीच नाही, पुढं कितीतरी रविवार आली. सफाळ्याला उतरून आम्ही आतल्या गावांकडे चालत जायचो. भाताच्या शेतांच्या बांधांवरून पुढं ती, मागं मी. केळीच्या पानात बांधलेली तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी तिच्याच पिशवीत असायची. कुठंतरी सावलीला बसून आम्ही खायचो आणि ती बोलायची. इतकी बोलायची की मला नवल वाटायचं. सासरी काढलेले थोडे दिवस, तिची सासू, कधी न दिसलेला नवऱ्याचा चेहरा, तो मेल्यावरच नीट बघितला, असलं सगळं तिनं मला त्या बांधांवर सांगितलं. एकदा माझा पाय घसरून मी चिखलात बसले तर ती पोट धरून हसली. मी तिला तशी हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, प्रबंध राहू दे, हेच खूप झालं. आई असती तर ती अशीच माझ्यासोबत हिंडली असती असंही वाटायचं.

आता पद्धत सांगते, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथंच होती. आम्ही कोणाच्या घरी गेलो की मी पुढल्या दारानं ओटीवर. शिकलेली, शाळेतली बाई म्हणून पुरुषमाणसं मला खुर्ची द्यायची, चहा सांगायची, पालघरच्या शाळेबद्दल विचारायची. आत्या कधी ओटीवर यायची नाही. विधवा बाईनं परक्या पुरुषांसमोर ओटीवर बसायचं नाही, ती घराला वळसा घालून मागल्या दारानं सरळ चुलीपाशी जाणार, हे सगळीकडे चालत आलेलं. कोणाला त्यात वावगं वाटत नसे आणि मलाही वाटलं नाही. मी ओटीवर चहा पीत बसायची आणि ती आत बायकांशी बोलत असायची. मग आतून हाक यायची, ‘ये गं बाय, ये आत.’

मी आत जाऊन बसायची. घरातली सगळ्यात म्हातारी बाई पदर सारखा करायची, एकदा आत्याकडे बघायची आणि म्हणायची, ‘तुरुंगात? नाय गं. आमच्यातलं कोण नाय गेलं. तरण्या बायका गेल्या त्या पटकीच्या साथीत गेल्या.’

पहिल्या घरी पटकी, दुसऱ्या घरी पटकी. सफाळ्याच्या बाजूचं सगळं पालथं घालून झाल्यावर मी किनाऱ्याकडे वळले. मुरब्याला वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींमधून वाट काढत एका घरी गेलो, तिथंही पटकी. तारापूरला आत्याची एक बालमैत्रीण होती, आमच्याच आळीतली, लग्न होऊन तिकडं गेलेली. मी म्हटलं, हिच्याकडे तरी चला. आत्या जरा कुरकुरली, ऊन फार आहे म्हणाली, पण आली. त्या बालमैत्रिणीनंही माझ्या हातावर गूळ ठेवला आणि सांगितलं, ‘पटकीत गेल्या गं बाय सगळ्या.’

मी इतिहास शिकवणारी बाई. सगळे साक्षीदार एकाच शब्दांत बोलायला लागले की आधी शंका घ्या, हे मी दरवर्षी वर्गात मुलींना घसा फोडून सांगत होते. मला एकदाही शंका आली नाही. उलट त्या म्हाताऱ्यांची कीव आली, की बिचाऱ्यांना आता काही आठवत नाही. स्वतःच्या आत्यावर संशय कोण घेतं? ती माझ्यासाठी उन्हातान्हात वणवण करत होती, टाचा फुटल्या होत्या तिच्या. रात्री मी त्यांना तेल लावून द्यायची.

दिवस गेले. मार्गदर्शक दर भेटीत विचारायचे, ‘मिळालं का वाक्य?’ मी नकारार्थी मान हलवायची. शेवटी शेवटी त्यांनी विचारणंही सोडलं. प्रबंधाची मुदत जवळ आली होती, आणि ही बाई कधी नव्हतीच, वर्तमानपत्रवाल्यानं तालुका चुकवला असेल, असं मी स्वतःला समजावायला लागले होते.

त्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी शाळेनं मला बोईसरला पाठवलं. तारापूरच्या बाजूला वीजकेंद्राचं काम सुरू झालेलं होतं. सिमेंटचे ट्रक, पत्र्याच्या चाळी, पाण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या घाटावरच्या नि वऱ्हाडातल्या बायका, आणि चहाच्या टपऱ्यांवर सगळीकडे हिंदी. माझं काम दुपारी आटोपलं. लगेच परतायचा कंटाळा आला आणि तारापूरची गाडी समोर उभी होती. म्हटलं, आत्याच्या मैत्रिणीकडे घोटभर पाणी पिऊन येऊ. मनात दुसरं काही नव्हतं, शपथेवर सांगते.

घरात म्हातारी एकटीच होती. ओटीवर कोणी नाही म्हणून मी सरळ आत गेले. तिनं मला ओळखलं, पाट दिला आणि माझ्या पाठीमागं दाराकडे बघत विचारलं, ‘आत्या नाय आली?’

‘नाही. मी कामासाठी आले होते इकडे.’

‘अजून शोधतेस का गं त्या बाईला?’

‘शोधून दमले,’ मी म्हटलं. ‘आता सोडूनच देणार आहे.’

तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाली, ‘तुझ्या आत्यानं तुला अजून सांगितलंच नाय?’

‘काय सांगायचं?’

‘मला वाटलं तुझं लगीन व्हायचंय म्हणून दडवते. मागल्या वेळी हितंच बसून मला म्हणाली, पोरीला काय बोलू नको, पटकीत गेली म्हण. मी म्हटलं बरं, लोकाच्या पोरीच्या लग्नाच्या आड कशाला या.’ मग तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ‘आता काय तू लगीन करणार हायस?’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘मग काय हरकत हाय,’ असं म्हणून तिनं सांगायला सुरुवात केली.

ती बाई सफाळ्याची नव्हती, मुरब्याची नव्हती. ती आमच्या घरातली होती. माझ्या आजोबांची सख्खी बहीण, म्हणजे माझ्या आत्याची आत्या. आत्यासारखीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिला दिवस गेले, मूल झालं, ते मारलं असं सरकारनं म्हटलं आणि तिला ठाण्याला नेलं. ती तुरुंगात असतानाच घरच्यांनी गवताची बाहुली करून जाळली, तिचं दहावं-तेरावं उरकलं आणि गावाला सांगितलं की पटकीत गेली. मग शिक्षा संपली आणि ती चालत चालत परत आली. आता जिचं तेरावं झालं तिला घरात घेता येईना आणि हाकलून द्यायला माझ्या आजोबांचा जीव होईना. वाडीच्या टोकाला झावळ्यांची एक खोपी घालून दिली, तिथं ती मरेपर्यंत राहिली. मोठ्या माणसांनी तिच्याकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. लहान पोराला विटाळ नाही, म्हणून रोज जेवण घेऊन एका पोरीला धाडायचे.

‘ती पोर तुझी आत्या,’ म्हातारी म्हणाली. ‘आमी खेळायला बोलवायचो तर यायची नाय. तिथंच खोपीत जाऊन बसायची दिवस दिवस. तिला विचार की. तिच्याएवढं कोणाला ठाऊक हाय?’

मी पाणी प्यायले की नाही ते मला आठवत नाही. परतताना गाडीत मला एक एक घर आठवत होतं. प्रत्येक घराची ओटी, प्रत्येक कपातला गोड चहा, आणि आतून आलेली ती हाक. मी ओटीवर बसून शाळेच्या गप्पा मारत होते तेवढ्यात ती आत माझ्या पायाखालची माती काढून घेत होती, घरोघर जाऊन, इमानेइतबारे. आणि परत येताना मला बांधावर बसवून भाकरी वाढत होती. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की पालघरच्या खोलीवर न जाता मी तशीच केळव्याला आले.

आत्या विहिरीपाशी बसून खराट्यासाठी झावळ्यांचे हीर काढत होती. सुरी पात्यावरून ओढायची आणि निघालेला हीर बाजूला टाकायचा. मी जाऊन समोर उभी राहिले.

‘ती खोपी कुठं होती?’ मी विचारलं.

कुठली खोपी, असं तिनं विचारलं नाही. हातातली झावळी पुरी केली आणि म्हणाली, ‘तारापूरला गेली होतीस वाटतं.’

‘कुठं होती?’

‘पल्याड. आता केळी हायत तिथं.’

‘तुझी सख्खी आत्या होती.’

‘हां.’

‘आणि तू तिच्याजवळ जाऊन बसायचीस. ती बोलायची तुझ्याशी?’

‘बोलायची ना. दुसरं कोण होतं तिला बोलायला?’

‘तुरुंगातलं सांगायची?’

‘सगळं सांगायची,’ आत्या म्हणाली आणि दुसरी झावळी ओढून घेतली.

सगळं. मी एका वाक्यासाठी गावं तुडवली होती, लोकांच्या ओट्या झिजवल्या होत्या, मार्गदर्शकांसमोर मान खाली घालून बसले होते, आणि सगळंच्या सगळं माझ्याच घरात, माझ्याच चुलीपाशी, रोज मला गरम भात वाढत होतं. माझं तोंड सुटलं. माझं तोंड तसं बरं नाहीच, आणि त्या दिवशी तर मी काहीच राखून ठेवलं नाही. तुला लाज नाही वाटली का, मी म्हटलं. मला वेड्यासारखं हिंडवलंस. पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं होतंस. मी भांडले असते, रडले असते, पण ते समोरासमोर झालं असतं.

ती ऐकून घेत होती. माझा श्वास संपल्यावर म्हणाली, ‘नाय म्हटलं असतं तर तू गप बसली असतीस? दुसऱ्या कोणाला संगती घेऊन गेली असतीस. मग आधी आत कोण गेलं असतं?’

‘म्हणजे तू माझ्यासोबत येत होतीस ती पहाऱ्याला.’

तिनं आणखी एक हीर काढून बाजूला टाकला.

‘आणि बांधावर बसून मला सासरच्या गोष्टी सांगत होतीस, हसत होतीस, ते पण खोटंच का?’

‘हसू आलं म्हणून हसले,’ ती म्हणाली. मग सुरी खाली ठेवून तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ‘हे बघ बाय. तिला साहेबानं गोड बोलून विचारलं होतं, काय झालं ते सांग, भिऊ नको म्हणून. तिनं खरं खरं सांगितलं. त्यानं ते लिवून घेतलं. मग तेच लिवलेलं कोर्टात वाचलं आणि तिला सजा दिली. तिच्याच तोंडचं. म्हणून ती मला म्हणायची—’

तिथं ती थांबली. ओठ घट्ट मिटले. मी वाट बघत होते. वाक्य अगदी तिच्या जिभेवर आलेलं होतं.

‘नाय,’ आत्या म्हणाली. ‘मी तिला कबूल केलंय.’

‘मी काय तो साहेब आहे? मी तुझी आहे गं.’

‘तू माझीच हायस. पण तू लिवतेस.’

एवढं बोलून तिनं झावळी पुन्हा मांडीवर घेतली. इतकं स्वच्छ मला आयुष्यात कोणी दूर लोटलं नव्हतं. जिच्या भांडणामुळे मी लिहायला शिकले, त्याच बाईनं मला लिहिणाऱ्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं, त्या साहेबाच्या शेजारी. साठ वर्षांपूर्वी मेलेल्या बाईशी ती इमान राखून होती, मला मान्य आहे. पण ते राखताना तिनं माझा जो वापर केला तो मला आजही गिळता येत नाही.

मी बरेच शनिवार घरी गेले नाही. मग गेले, कारण राहवेना. रागानं जमलं नाही ते गोडीनं जमतं का बघावं म्हणून तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, ‘आत्या, लिहीत नाही. प्रबंधात घालत नाही, कोणाला सांगत नाही. मला एकटीला सांग.’

‘तुझ्या पोटात राहील?’

‘राहील.’

‘तुला मी वाढवलंय बाय,’ ती म्हणाली आणि खुदकन हसली. मला त्या हसण्याचा इतका राग आला की उठून चालती झाले.

प्रबंध मात्र पुरा करायला हवा होता. मी लिहिला. शेवटच्या प्रकरणात लिहिलं की या बायकांविषयी इतरांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे, पण त्यांचं स्वतःचं बोलणं आज कुठंही शिल्लक नाही, ते ऐकलेलं कोणी हयात नाही. हे मी मुद्दाम लिहिलं होतं. कोणासाठी लिहिलं होतं तर आत्यासाठी. तिला वाचता येत नव्हतं, पण मी लिहिलेलं मी तिला नेहमी वाचून दाखवायची, शाळेत असल्यापासून. मला वाटलं, स्वतःच्या कानांनी हे ऐकल्यावर तिला ते सहन होणार नाही. त्या बाईला जगात कोणी ऐकलंच नाही असं मी छापायला निघाले आहे, हे कळल्यावर तरी ती म्हणेल की खोटं हाय, मी ऐकलंय. तेवढं म्हणाली असती तरी मी सगळं विसरले असते.

एका दुपारी मी तिला ते प्रकरण वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. त्या वाक्यापाशी मी आवाज चढवला. तिनं डोळे उघडले.

‘ते परत वाच,’ ती म्हणाली.

मी परत वाचलं.

‘एकबी बोलणं राहिलं नाय?’

‘नाही.’

‘ऐकलेलं कोण जित्तं नाय?’

‘नाही,’ मी म्हटलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

‘असंच छापणार?’

‘असंच.’

आत्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. कितीतरी दिवसांनी तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘बरं लिवलंस, बाय. लई बरं लिवलंस.’ मग ती चहा टाकायला उठली.

प्रबंध मान्य झाला, पदवी मिळाली. आत्या त्यानंतर फार वर्षं जगली नाही आणि जाताना तिनं मला काही सांगितलं नाही. पुढं याच विषयावर लिहिणाऱ्या एकदोघांनी माझं ते वाक्य आधाराला घेतलं, माझ्या नावासकट. ते वाक्य खोटं आहे, आणि खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही.